अंगठ्यामागची राख

गुरुवार, डोंबिवली

सोसायटीच्या गणपतीत जादू करायचीय म्हणून ह्यांनी शिकवणीचे व्हिडिओ निवडायला मला बसवलं. "भेंडी मोडून बघतेस ना, तसं हेही बघ." पहिल्या दोन्हींत नुसता बँडबाजा, हात दिसतच नाही. तिसरा उत्तम. राखेची गोळी अंगठ्यामागे दडवून रिकाम्या हातातून अंगारा कसा काढायचा, सगळं सावकाश दाखवलंय.

इतकं चांगलं शिकवायला नको होतं. आमचे कल्याणचे महाराज अंगारा काढताना अंगठा अस्साच दुमडतात. की मलाच भास? देवा, क्षमा कर. पण तो अंगठा...

त्याच अंगाऱ्यावर विसंबून थोरल्या जाऊबाईंनी डायबेटिसच्या गोळ्या सोडल्यात. आणि त्यांना महाराजांकडे मीच नेलं.

शेवटी फोनवर लिहिलं, "ताई, गोळ्या आजपासून पुन्हा सुरू करा. कारण उद्या येऊन सांगते. गोळी घेतलीत की लगेच कळवा."