डाव्या डोळ्याची रायफल

५ नोव्हेंबर १९५०

बालाघाटला बदली झाली म्हणून नागपुरात सगळे हळहळले, मी मात्र मनातून भलताच खूश होतो. ओव्हरसियर म्हटला की दौरे आले, दौरे म्हटले की जंगल, आणि जंगलात शिकार! आज तर घबाडच लागलं. गुणाकर ठेकेदाराने त्याच्या वडिलांची विलायती दुनळी रायफल मला विकली. वडिलांनी अंगाचं माप पाठवून खास बनवून घेतलेली. अक्रोडाचा दस्ता, वर चांदीची पट्टी. अलकनंदा म्हणाली, आता हिलेच उशाशी घेऊन झोपा. बायकोचा टोमणा, पण हसत होती.

१२ नोव्हेंबर

लेकाची नेमच धरू देत नाही! दस्ता असा वाकवलाय की रायफल उजव्या खांद्याला लावली तरी नळीवर डोळा येतो तो डावा. गुणाकरला विचारलं. म्हणाला, बाबांचा उजवा डोळा अस्वलाने काढला होता, म्हणून कारागिराने दस्ता तसा वळवून दिला. मग मीही अलकाच्या जुन्या लुगड्याची पट्टी उजव्या डोळ्यावर बांधली. पहिल्याच गोळीला नारळ उडाला. वा रे पठ्ठे!

२६ नोव्हेंबर

रोज पट्टी बांधून सराव करतो. पट्टी सोडली की उजव्या डोळ्यातून पाणी येतं, जरा धुरकट दिसतं. अलका कुरकुरते. पण रायफल अशी बसते खांद्याला, जणू माझंच माप घेतलं होतं.

३ डिसेंबर

किरनापूरच्या रस्त्याला शेताच्या धुऱ्यावर सांबर दिसलं. नेम धरला, बोट चापावर. तेवढ्यात पट्टी घसरली. सांबर नव्हतंच, त्याच जागी एक म्हातारा गवत कापत होता. बाप रे. घरी सांगितलं, सांबर निसटलं.

१० डिसेंबर

आमची भांडीवाली चंपाबाई तरुणपणी गुणाकरच्या घरी होती. आज रायफलीची पेटी बघून दारातच थबकली. म्हणाली, मोठ्या मालकानं आंगणात सांबर मारलं म्हणून हाका मारल्या, मी धावत गेली तं मालकीणबाई पडून होती. गुणाकर तेव्हा पाळण्यात. मरेपर्यंत मालक एकच म्हणे, मले सांबरच दिसलं.

रायफल परत द्यायला गेलो. गुणाकरने हात जोडले आणि दार लावून घेतलं. तसाच ती वैनगंगेत टाकायला निघालो. पुलावर पोचल्याचं आठवतं. घरी आलो तेव्हा ती खांद्यावरच होती.

१६ डिसेंबर

उजव्या डोळ्यापुढे नुसता अंधार. आता रायफल हातात नसली तरी— सकाळी चुलीपाशी सांबर बसलं होतं. मी अलका अलका ओरडलो. तिथूनच ती म्हणाली, असे काहून पाहून राह्यले हो माझ्याकडे?

मला भीती वाटते. फार भीती वाटते.

१७ डिसेंबर

अलकाला माहेरी धाडलं. रडली, भांडली. चंपाबाईबरोबर स्टेशनवर गेली. मी गेलो नाही, तिच्याकडे बघायची हिंमतच नाही. पेटीला कुलूप लावून किल्लीही चंपाबाईकडे दिली. अलका वाचली, बस.

दुपारी

पेटीचं कुलूप तसंच आहे.

रायफल मांडीवर आहे.

हात पेनात गुंतवून ठेवतो. लिहीत राहायचं, म्हणजे हात मोकळा नको—

फाटक वाजलं.

अंगणात सांबर. नाही, ती गेली, गाडीत बसली. गाडी चुकली तर नसेल? नाही, नाही—

पुढं येऊन राह्यलं. गळ्यात काळे मणी—

अलका, तिथंच थांब, आत येऊ नको, मी पेन सोडत ना—