अंत्यविधीतल्या उचक्यांचा खुलासा

हल, रविवार

तीर्थरूप मॉरीन आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (खरोखर विचारते आहे. मागच्या पत्रात तू नुसतं "बरा" लिहिलंस. तो जिना चढताना बरा की खुर्चीत बसल्यावर बरा, हे त्यावरून कळत नाही.) मी ठीक आहे. वजन दीड किलोने वाढलं आहे, झोप पाच तास.

पत्राचं कारण बाबांचं घड्याळ. ते मी तुला परत पाठवते आहे. का, हे सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

बाबांनी इस्पितळात, नाकात नळी असताना, माझ्याकडून सिगारेट सोडायचं वचन घेतलं. ("तू तरी सोड गं, ब्रायोनी. आणि माझ्या कोटात सिगारेटचं एक पाकीट आहे, तेवढं जाताना मला देऊन जा." दोन्ही वाक्यं एका दमात, आणि तेव्हा त्यांच्यात दम किती उरला होता ते तुला ठाऊक आहे.) मी व्हेप घेतलं, म्हणजे द्रव भरून ओढायची ती विजेवरची सिगारेट. दिवसाला बारा सिगारेटी, म्हणजे निकोटिन किती, हे काढून त्याप्रमाणे दुकानातला सगळ्यात कडक द्रव निवडला. आकडे बरोबर होते, गृहीतक चुकलं. सिगारेट संपते. बोटाला चटका बसतो, माणूस ती विझवतो आणि आत जातो. व्हेपला असा शेवट नसतो. कारखान्यांचे दाबमापक तपासून नापास करणं हे माझं काम, आणि ज्याला थांबायची खूणच नाही असं यंत्र मी दिवसभर तोंडात धरून बसले होते.

पहिल्या आठवड्यात घसा खवखवला, डोकं दुखलं. दुसऱ्या आठवड्यात मळमळ, छातीत धडधड, आणि जेवणानंतर उचक्या. मी तक्ता केला: वेळ, झुरके, नाडी, तक्रार. आमच्या औषधाच्या दुकानात सिगारेट सोडवायला ब्रेंडाबाई बसतात, त्यांना तो नेऊन दाखवला. चष्मा वर-खाली करत चारही पानं पाहून त्या म्हणाल्या, "अक्षर फार छान आहे गं पोरी. पण दिवसाला एकशे चाळीस झुरके? तू धूर सोडायला निघालीस की आगगाडी व्हायला?" आणि सौम्य द्रव घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, हातातली बाटली संपली की घेते. (ती संपायच्या आत बाबा गेले.)

अंत्यविधीला दाहगृहात आमची वेळ अकरा वीसची होती आणि आधीचं कुटुंब आतून निघेना. मी मागच्या भिंतीशी, फुलांच्या चक्रांजवळ, चाळीस मिनिटांत एकोणसाठ झुरके घेतले. मग बाबांविषयी चार शब्द बोलायला उभी राहिले. कागदावर बाबांच्या नोकऱ्या होत्या, तारखांसह. गोदीतल्या नोकरीपर्यंत पोचले आणि पहिली उचकी आली. श्वास धरला, तर दुसरी त्याहून मोठी. डोळ्यांत पाणी आलं (उचकी दाबली की येतं). तिसऱ्या रांगेतून कुणीतरी "अरेरे, बिचारी" म्हणालं. तुझा गॅरेथ, जो मला नाताळात सगळ्यांसमोर फ्रिज म्हणाला होता, तो हुंदके देत पुढे आला आणि माझ्या गळ्यात पडला. त्याचं रडणं खरं होतं.

नंतर क्लबात तू मला सँडविचच्या टेबलामागे ओढलंस. "मला वाटायचं तू दगडाची आहेस," म्हणालीस, "मापं घेणारा दगड. चुकले गं मी." गॅरेथसाठी ठेवलेलं घड्याळ पर्समधून काढलंस आणि माझ्या मनगटाला बांधलंस. मी तेव्हाच सांगायला तोंड उघडलं होतं, पण उचकी आली आणि तू मला आणखी घट्ट धरलंस.

तर खुलासा असा, की ते रडणं नव्हतं, निकोटिन होतं. त्यानंतर मी ब्रेंडाबाईंचं ऐकलं. सौम्य द्रव घेतला, गेल्या रविवारी तोही बंद केला, आणि उचक्या थांबल्या. म्हणजे कारण सिद्ध झालं. बाबांना जाऊन अठ्ठावीस दिवस झाले आणि मी अजून एकदाही रडलेले नाही. घड्याळ गॅरेथचं आहे. तू मला पूर्वी जे समजत होतीस, तेच बहुधा बरोबर होतं.

तुझी भाची,
ब्रायोनी

ता. क. मंगळवार. पत्र टाकायचं राहिलं, कारण घड्याळाचं पार्सल बांधून व्हायचं होतं. खोक्यात ठेवण्यापूर्वी तपासलं: सात मिनिटं पुढे. (बस चुकू नये म्हणून बाबा ते मुद्दाम पुढे ठेवायचे आणि तरीही बस चुकवायचे.) ते बरोबर लावायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. लावलं नाही. झाकण बंद केलं तरी टिकटिक ऐकू येत होती. तक्त्यातली नोंद तशीच उतरवते: सकाळी सात चाळीस. झुरके शून्य, नववा दिवस. नाडी बहात्तर. उचक्या अकरा मिनिटं, डोळ्यांतलं पाणी त्याहून जास्त वेळ. कारणाचा रकाना रिकामा सोडला आहे.

ता. क. दुसरा. घड्याळ पाठवत नाही. गॅरेथला काय सांगायचं ते तू ठरव. येत्या रविवारी येशील का? जिना चढू नकोस, खालूनच हाक मार. मी उतरून येईन.