खांबाखालचं हिरवं सोयाबीन

मंगळवार, ७ ऑक्टोबर, सायंकाळी साडेसहा

आत्ता वळणावरचा दिवा लागला आणि रुक्मिणचं शेत पुन्हा उजळलं. साऱ्या घाटनांदुरात सोयाबीन पिवळं पडून काढणीला आलंय. तिचं मात्र खांबाखाली हिरवंगार, आणि शेंगा नाहीत.

दुपारी विचारत होती, "बाई, लई खत पडलं का वो?"

"बघते," एवढंच म्हणाले मी. भित्री कुठली!

खत नव्हे, दिवा. लांब अंधार मिळाला तरच सोयाबीन वेळेवर फुलतं. या दिव्यानं त्याची रात्रच होऊ दिली नाही. दिवसभर उन्हात तयार केलेलं अन्न नुसतं पानांत गेलं. तीस वर्षं वर्गात हेच शिकवलं मी. आणि दिवा मागितला कुणी? मीच. आमचे हे त्या वळणावर अंधारात पडले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

दिव्याचं सांगायला ग्रामसेवकाकडे गेले, तर दात काढून म्हणतो, "बाई, अर्ज तुमीच दिलता की!" मूर्ख. पण खोटं कुठं बोलला?

दिव्याला शेताच्या बाजूनं आडोशाचा एक पत्रा ठोकायचा होता. एवढंच. मला कसं सुचलं नाही?

"आवंदा पोरीची धावीची परीक्षा हाय, उसाला जायचं न्हाई," असं रुक्मिण पेरताना म्हणाली होती. आता दिवाळीनंतर पोरीला घेऊनच ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणार आहे.

नवा अर्ज लिहिलाय. पहिलं वाक्य: हा दिवा मी मागितला होता. उद्या आधी रुक्मिणला वाचून दाखवीन, मग ग्रामपंचायतीत देईन. पत्रा कधी ठोकणार, याचं लेखी उत्तर सोमवारी, १३ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत हवं.