ईश्वरीचा स्कार्फ

शनिवार, दिवेलागणीची वेळ

ईश्वरीच्या चष्म्याचा नंबर परत वाढला. आठ वर्षांची पोर. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आलेला नंबर जात नाही, पण वाढायचा वेग कमी करता येतो. रात्री डोळ्यांत थेंब टाका, आणि रोज दोन तास तरी बाहेर उजेडात खेळू द्या. ‘जाते ना ती बाहेर?’ मी मान हलवली. खोटी.

बाहेर मीच जाऊ देत नव्हते. काळी पडंल म्हणून. मी देवगावला शेळ्यांमागं उन्हात हिंडले, अन् लग्न जमवताना माझ्या रंगावरून बापाला लई ऐकून घ्यावं लागलं. पोरीच्या वाट्याला ते नको. म्हणून तिला घरात ठेवलं, रडली की मोबाइल दिला. स्कूल बसपर्यंत जायचं तरी तोंडाला स्कार्फ. उन्हात हिंडायचे तेव्हा पलीकडच्या टेकडीवरची आमची शेळी मला लांबून ओळखू यायची, हे कसं विसरले मी?

दुपारी घरी आल्यावर तिला खाली खेळायला पाठवलं. गॅलरीतून बघते तर बाकीची पोरं उन्हात पळतायत, अन् ही भिंतीच्या सावलीत एकटी उभी. तोंडाला स्कार्फ, वर चष्मा.

खाली गेले. म्हटलं, ‘खेळत का नाय गं?’

‘काळी पडंन ना, मम्मी. मग लग्न नाय होत.’

स्कार्फ सोडायला लागले. मानेमागची ती पक्की गाठ मीच शिकवलेली. सुटता सुटंना.