झाकणावर लिहिलेला सात

ती. मावशीस नमस्कार. तुझ्या गुडघ्याची चौकशी खाली केली आहे. आधी घडलेलं क्रमाने सांगते.

१. मागच्या खेपेला तुझ्या गॅलरीतल्या वाळक्या गुलाबाच्या कुंडीतून मी चमचाभर माती घेतली. न विचारता.
२. त्या मातीतले बारा जिवाणू वेगळे करून बारा बशांत वाढवले.
३. सात नंबरच्या जिवाणूने तयार केलेल्या रसाचे थेंब, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर टाकले. जंतू मेले.
४. सात नंबर मी फेकून दिला.

चौथ्या मुद्द्याचा खुलासा करायला हवा. आमच्या प्रयोगशाळेत बशीचा नंबर तळाला लिहायचा, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात. तशी पाटी भिंतीवर आहे. ती मीच लावली आहे, खाली सहीसकट. (नव्या मुलींकडून मी हा नियम पाठ करून घेते. हल्ली त्या मला बघून तो पुटपुटतात.) जंतू मेले त्या दिवशी मात्र फोटोत तळ स्वच्छ दिसावा म्हणून मी नंबर झाकणांवर लिहिले, बाराही झाकणं एकदम काढली, आणि परत लावताना सात आणि अकराची अदलाबदल केली. दोघे दिसायला सारखेच, खडूच्या भुकटीसारखे. अकरा हा गरीब स्वभावाचा जिवाणू आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यालाच सात समजून त्याच्या मी तीन नळ्या भरून अतिथंड फ्रीजरमध्ये जपून ठेवल्या. खऱ्या सातला, अकराच्या झाकणाखाली, उरलेल्या बशांबरोबर कुकरच्या थोरल्या भावात घालून वाफेवर शिजवलं, कारण टाकण्याआधी शिजवायचं असाही नियम आहे. तो मी काटेकोर पाळला.

पहिला रस संपल्यावर नळीतला ‘सात’ वाढवून प्रयोग पुन्हा केला. आमच्या प्रमुख मॅडमनी बशी उजेडात धरली आणि म्हणाल्या, “जंतूंनी बाळसं धरलंय की गं!” महिनाअखेरपर्यंत पुन्हा दाखवता आलं नाही, तर पहिल्या निकालापुढे ‘निरीक्षणातील चूक’ असं लिहायचं आणि माझं काम बंद, असं त्यांनी बजावलं. ते औषध नव्हतं (शेजारी सांगू नकोस), औषध होण्याची नुसती शक्यता होती. पण चूकही नव्हती. मी तीनदा मोजलं होतं.

गुडघा कसा आहे? जिना टाळतेस ना?

तुझी भाची

ता.क. माती घेतली त्याच दुपारी मी तुला पाव तास ऐकवलं होतं की ही माती मेलेली आहे, फेकून दे. तू म्हणालीस, “बरं बाई, तू शिकलेली.” त्यानंतर माती मागायची लाज वाटली, म्हणून तू फोनवर असताना घेतली. माझं बोलणं तू आजवर कधी मनावर घेतलेलं नाहीस. याही वेळी घेतलं नसशील अशी आशा आहे. कुंडी असेल तर तिला पाणी घालू नकोस, उकरू नकोस, काकांना जवळ फिरकू देऊ नकोस. रविवारी मी स्वतः येते. चमचाभर मातीत असे कोट्यवधी असतात; तोच पुन्हा सापडेल असं सांगता येत नाही.

ता.क. २. चमचा तुझा चांदीचा होता. तो हरवला म्हणून तू काकांना दोन महिने बोलते आहेस. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, संपूर्ण निर्जंतुक. काकांना तू सांगतेस की मी सांगू, तेही लिही.

कुंडी आहे की नाही, ते बुधवारपर्यंत कळव. नसेल तरी कळव.