विहिणींची शीळ

अमरावती, मे १९६३

फिलिप भाऊजी,

तुमचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा हे पत्र टपालात टाकायचा प्रश्नच नाही. पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

काल अकोल्यात आमच्या शैलाचं लग्न झालं. पंगतीत पुरुषांनी पुन्हा तुमचं मरण उकरून काढलं. जानराव म्हणाले, "साहेब अचलपूरच्या पुरात वाहून गेला." नत्थुजी म्हणाले, "काहून वाहून जाईन? तो बोटीनं विलायतेले गेला, मजेत हाये." तुम्ही नाहीसे झाल्यापासून सात वर्षं हेच भांडण चालू आहे.

तेवढ्यात बायकांनी विहिणीला चिडवणारं गाणं धरलं. ते तुमचं होतं! इंग्रज असून वऱ्हाडीत रचलेलं, आमच्या ओसरीवर, गिटार घेऊन. शेवटच्या ओळीला तुम्हाला शब्दच सुचेना, म्हणून तुम्ही तिथे शीळ घालायचात. या बायकांनीही नेमकी तिथेच शीळ घातली. नऊवारी नेसून, भर मांडवात!

मी विचारलं, "इथं शीळ काहून?"

साठीची गोदाबाई माझ्यावरच उखडली. "आमच्या आजीपासून हेच रीत हाये, बाई! तुले नाही येत का?"

मी पदर खोचला आणि सगळ्यांत मोठी शीळ घातली. ती संपायच्या आतच जानराव येऊन विचारू लागले, "वैनी, आता तुमीच सांगा. साहेब जित्ता हाये का मेला?"

मी काय सांगणार, भाऊजी? माझं तोंड रिकामं नव्हतं.

तुमची वहिनी,
अनसूया