मत बदलण्याची शक्यता

ता. ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार पोचला असं समज. वहिनीचा खोकला गेला का? इथे निवडणूक तोंडावर आलीय, त्यामुळे आमच्या ऑफिसात जनमत चाचणीचा नुसता धडाका चालू आहे. कानाला हेडफोन लावून दिवसभर अनोळखी माणसांना तेच ते प्रश्न विचारायचे. लोक महागाईला शिव्या घालतात, रस्त्यांना घालतात, आणि मत कुणाला म्हटलं की पुन्हा सत्तेतल्या त्याच पक्षाचं नाव सांगतात. आधी हसू यायचं. आता काहीच येत नाही.

बाबांचं तू विचारलंस. ते बाथरूममध्ये पडले. मुका मारच आहे, पण आता त्यांना एकटं ठेवता येणार नाही. माझी एक खोली, तीही मैत्रिणीबरोबर वाटून घेतलेली. जागा तुझ्याकडे आहे, आणि तुझी अट मला पाठ आहे: त्या पक्षाला जन्मभर मत देऊन चूक केली, एवढं बाबांनी एकदा कबूल करावं, मग खुशाल यावं. मी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

मग गुरुवारी गंमत झाली. गंमतच म्हणते. आमच्याकडे नंबर मशीन लावतं. पलीकडून 'हॅलो' आलं आणि ते बाबा होते. ओळखीचं कुणी लागलं तर फोन ठेवायचा, असा नियम आहे. मी ठेवला नाही. ऑफिसातल्या त्या इस्त्री केलेल्या आवाजात प्रश्न वाचत गेले.

सरकारच्या कामावर समाधानी आहात का?

"पूर्ण."

तुमच्या भागातला सरकारी दवाखाना बंद केला, तो निर्णय?

"योग्यच. माश्या मारत बसायचे सगळे."

त्यामुळे घरात कुणाला त्रास झाला?

"नाही."

दादा, आईला आपण त्याच दवाखान्याच्या कुलपापर्यंत नेलं होतं. तिथून गावाबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली. बाबा गाडीत पुढे बसले होते. आणि ते 'नाही' म्हणाले, मी 'नाही'वर टिचकी मारली.

शेवटचा प्रश्न असतो, कशामुळे तुमचं मत बदलू शकेल? इथे बहुतेक जण चिडून फोन आपटतात. बाबांनी आपटला नाही. मग म्हणाले, "बदललं, तर हिला मीच मारलं असं होईल. ते डोक्यात घेऊन जगू कसा?" आणि वर म्हणाले, "झाले ना प्रश्न? आता जेवून घे, बाळ." म्हणजे पहिल्यापासून ओळखलं होतं.

मला रडू आलं नाही. दिलेल्या पर्यायांत ते उत्तर बसत नव्हतं, म्हणून 'कट्टर समर्थक' नोंदवलं. मशीनने पुढचा नंबर लावला.

तर तुला हवी होती ती कबुली त्यांनी दिली आहे. मला दिली. ती ऐकून बरं वाटलं नाही, राग गेला नाही, आई तर येणारच नव्हती. तुलाही यातलं काही मिळणार नाही. रविवारी मी त्यांना घेऊन येते. पिशवी खाली ठेवायच्या आधीच ते सरकारचं कौतुक सुरू करतील. करू देत. तू त्यांना आत घे आणि एका शब्दाने काही विचारू नकोस.

विचारलंस, तर आता ते खरं सांगतील. मग त्यांना सांभाळणं आपल्या दोघांच्याही हातात राहणार नाही.

त्यांची आणि तुझी,
धाकटी